जोर संपलेला दगड

विज्ञान शाखेतून कला शाखेत येणारी मुले ही आमच्या मराठी विभागाला दरवर्षी मिळणारी मूक देणगी आहे. विट्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे दहावीपर्यंतचे शिक्षण बहुतेकांनी मराठीतूनच घेतलेले असते, तिथे अकरावी विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक पाहून काही मुले पहिल्या सहामाहीतच खचतात. ‘झेपलं नाही, सर’ एवढेच सांगून ती आमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतात. वर्गाची पटसंख्या वाढते म्हणून आम्ही सुखावतो, आणि त्या सुखाचे कारण आठवले की अस्वस्थही होतो.

या अस्वस्थतेपोटीच आम्ही मराठीचे दोघे अध्यापक भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याच्या तासाला जाऊन बसू लागलो. त्यांची तक्रार अशी होती, की मुलांना सूत्रे पाठ आहेत, त्रिकोणमितीही येते. पण उदाहरण वाचता येत नाही. ‘वाचता येत नाही’ हा शब्दप्रयोग ऐकून आमचे कान टवकारले. वाचन हा तर आमचा प्रांत!

विषय होता प्रक्षेप्याच्या गतीचा. फेकलेली वस्तू किती उंच जाते, किती वेळाने आणि कुठे पडते, हे काढायचे. पुस्तकात तोफा होत्या, क्रिकेटचे चेंडू होते. आमच्या डोळ्यांपुढे मात्र गोफण आली. खानापूर तालुका हा पर्जन्यछायेतला, शाळूचा मुलूख. टेंभूच्या पाण्याने आता पिके पालटू लागली असली, तरी माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे राखणारे आजीआजोबा आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी अजून आहेत.

आम्ही मुलांना विचारले, गोफणीतून सुटलेला दगड खाली का येतो? उत्तर एकमुखी आले : ‘त्याचा जोर संपतो म्हणून.’

या उत्तरापाशी आम्ही बराच काळ रेंगाळलो. ‘जोर ओसरला’, ‘जोर धरला’, ‘जोर लावला’ असे आपण पावसाविषयी, तापाविषयी, चळवळीविषयीही बोलतो. जोर ही वस्तूच्या आत भरलेली आणि हळूहळू सरणारी शिदोरी आहे, असे आपली भाषा मानते. मध्ययुगीन युरोपातले पंडितही फेकलेल्या वस्तूविषयी जवळपास असेच मानत होते. मुलांचे उत्तर अडाणीपणाचे नव्हते. ते भाषेने त्यांच्या हाती दिलेले जुने भौतिकशास्त्र होते. नवे भौतिकशास्त्र सांगते, की गोफण सुटल्यावर दगडावर हाताचे कोणतेच बल उरत नाही. हवा सोडून दिली, तर उरते ते केवळ गुरुत्वाकर्षण, आणि ते पहिल्या क्षणापासून अखेरच्या क्षणापर्यंत सारखेच. ज्या सरळ रेषेत तो सुटला, त्या रेषेच्या खाली तो सतत घसरत असतो. हे ऐकून मागच्या बाकावरची एक मुलगी उद्गारली, ‘म्हंजे त्यो वर जातानाबी पडतच असतो की!’ इतके नेमके वाक्य आम्हाला पुस्तकात आढळले नव्हते.

मग उदाहरण सोडवले. माळ्याची उंची तूर्त सोडून दिली. दगडाचा सुरुवातीचा वेग सेकंदाला २० मीटर, जमिनीशी कोन ३० अंश. वेगाचे दोन घटक पाडायचे : वरच्या दिशेने १०, आडव्या दिशेने सुमारे १७.३. वरचा घटक गुरुत्वामुळे दर सेकंदाला सुमारे १० ने घटतो. म्हणजे एका सेकंदात दगड माथ्यावर, ५ मीटर उंचीवर. उतरायला आणखी एक सेकंद. आडव्या घटकाला या घडामोडींची वार्ताच नाही; तो दोन सेकंद आपल्या चालीने चालतो आणि दगड सुमारे साडेचौतीस मीटरवर पडतो. आता कोन ६० अंश करा. घटकांची अदलाबदल होते, दगड १५ मीटर उंच जातो, सुमारे साडेतीन सेकंद हवेत राहतो, आणि पडतो तिथेच! एकाच मुक्कामाच्या या दोन वाटा पाहून मुलांइतकेच आम्हीही चकित झालो.

अडचण खरी शब्दांची होती. ‘चाल’ आणि ‘वेग’ यांत शास्त्राने दिशेचा भेद केला आहे. आमच्या बोलण्यात तो नाही. भजनाला चाल असते, शत्रूवरही चाल करून जातात. ‘हवेचा अवरोध नगण्य माना’ या वाक्यावर तर एका मुलाने रास्त शंका काढली : हवा असताना नाही कशी म्हणायची? इथे आमचा विषय कामी आला. भरताने नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केला आहे. रंगभूमीवर दोन पावले टाकून पात्र दुसऱ्या नगरीत पोहोचते आणि आपण ते मान्य करतो. गणितातला दगड हा नाट्यधर्मी दगड आहे. शेतातला दगड लोकधर्मी. तो हवेमुळे थोडा अलीकडेच पडणार.

या प्रश्नाचा उलगडा करणारा गॅलिलिओचा ग्रंथ १६३८ साली लायडन येथे छापला गेला. ग्रंथकर्ता तेव्हा फ्लॉरेन्सजवळ नजरकैदेत होता. ग्रंथ संवादरूप आहे. तीन पात्रे चार दिवस बोलतात आणि चौथ्या दिवशी प्रक्षेप्याचा विषय निघतो. त्याचा मार्ग अन्वस्ताचा असतो, हे तिथे सिद्ध होते. त्यातले प्रमेय लॅटिनमध्ये आहे. पण त्यावरची चर्चा, शंका, थट्टा, पुन्हा समजावणे हे सारे इटालियनमध्ये, म्हणजे लेखकाच्या देशभाषेत!

आमच्या वर्गांत प्रमेय इंग्रजीत आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. उद्या या मुलांना त्याच भाषेत परीक्षा द्यायची आहे. पण चर्चेची जागा रिकामी आहे. शंका मराठीत सुचते आणि इंग्रजीत मांडता येत नाही म्हणून तोंडातच विरते. मूल मग स्वतःला मठ्ठ समजू लागते. त्या रिकाम्या जागी आठवड्याचा एक तास बसणे मराठीच्या अध्यापकाला अशक्य नाही. उदाहरण मोठ्याने वाचायचे, त्यातला प्रत्येक शब्द कोणत्या अर्थाने आला आहे ते विचारायचे, आणि मुलांना त्यांच्या बोलीत उत्तर देऊ द्यायचे. गणित सहकारी सोडवतील.

असे केल्याने आमच्या वर्गाची पटसंख्या कदाचित घटेल. घटली तरी चालेल. जी मुले येतील ती कवितेच्या ओढीने आलेली असावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.