व्हेनिस की फ्लॉरेन्स?

प्रवासवर्णने पुष्कळ लिहिली जातात. परंतु प्रवासास निघण्यापूर्वी घरात जे रामायण घडते, त्याचे वर्णन सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः माणसाच्या स्वभावाची ओळख प्रवासात होते, त्याहून अधिक ती प्रवासाच्या बेतात होते, असा आमचा अनुभव आहे. तो अनुभव आमच्या प्रतिष्ठेस फारसा पोषक नाही. तथापि वाचकांच्या घरीही असे प्रसंग येत असतील, म्हणून तो सांगण्याचे योजिले आहे.

आमचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत म्युनिक येथे असतो. गेल्या वर्षी दसरा होताच त्याने आम्हां उभयतांस तीन आठवड्यांकरिता तिकडे बोलावून घेतले. त्यास मधे चार दिवसांची रजा मिळणार होती. "त्या चार दिवसांत आपण इटलीला जाऊ," असे त्याने फोनवरून सांगितले. "व्हेनिस किंवा फ्लॉरेन्स, यांतलं एक तुम्ही ठरवा. दोन्ही करायला गेलो, तर दोन्ही गावं आगगाडीच्या खिडकीतून पाहिल्यासारखी होतील."

झाले! पुढच्या रविवारी जेवणे आटोपल्यावर दिवाणखान्यात सभा भरली. आमचे वडील बंधू दादा हे वकिलीतून निवृत्त झाले असले, तरी वादाची हौस त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी एकदम फ्लॉरेन्सचे वकीलपत्र घेतले. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे गाव, फ्लॉरेन्स हे कलावंतांचे आणि पंडितांचे. तेव्हा शिकल्यासवरलेल्या माणसांनी कोठे जावे हा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. वहिनी सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "पाण्यातलं गाव जगात एकच आहे म्हणतात. पंडित काय, आपल्या पेठेतही आहेत." पुतण्याच्या मुलीने लगोलग मोबाइलवर पाहून जाहीर केले की, व्हेनिसमध्ये गोंडोला नावेचा दिवसाचा ठरीव दर अर्ध्या तासाला ९० युरो आहे. दादांनी तोंडी हिशेब केला आणि "आठ-नऊ हजार रुपये! अर्ध्या तासाला!" असे उद्गारून ते जणू खटला जिंकल्याप्रमाणे तक्क्यास टेकले.

या सर्व वेळात आमचे कुटुंब काय म्हणत होते, असे वाचक विचारतील. ती ताटे आवरीत होती. खरे सांगावयाचे, तर तो प्रश्न त्या वेळी आम्हांस सुचला नाही.

आमचे मन फ्लॉरेन्सकडे पूर्वीच गेले होते. तरी निर्णय न्यायाने व्हावा म्हणून आम्ही एका वहीत मधोमध रेघ ओढून दोन रकाने केले. फ्लॉरेन्सच्या रकान्यात लेखणी झरझर चालली. तेथील प्रमुख चर्चचा घुमट १४२० ते १४३६ या काळात ब्रुनेलेस्की या मूळच्या सोनाराने उभारला. चाळीस मीटरांहून अधिक रुंदीचे ते तोंड जमिनीपासून लाकडी आधार न देता त्याने कसे मिटविले, याचे नवल स्थापत्यशास्त्र्यांस अद्यापि वाटते. मायकेलअँजेलोने १५०४ मध्ये पुरा केलेला, पाच मीटरांहून उंच असा 'डेव्हिड' तेथेच. आणि उफिझी हे चित्रांचे भांडार! मेदिची घराण्यातील शेवटची स्त्री आन्ना मारिया लुइझा हिने १७३७ मध्ये असा करार करून घेतला की, घराण्याचा हा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर कदापि जाऊ नये. घराणे संपले, राज्य दुसऱ्याकडे गेले. पण एका बाईने घातलेल्या अटीमुळे चित्रे जागची हलली नाहीत.

व्हेनिसच्या रकान्यात मात्र आम्ही हात आखडता घेतला. एकशे अठरा बेटे, चारशेहून अधिक पूल, बहुतेक पुलांस पायऱ्या. मोटार नाही, रिक्षा नाही. शरद ऋतूत समुद्रास भरती आली की चौकात पाणी शिरते. ते अडविण्यासाठी समुद्राच्या मुखांशी उभारलेले ७८ पोलादी दरवाजे २०२० साली प्रथम कामास आले. यात्रेकरूंची गर्दी इतकी की, २०२४ पासून काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून गावात शिरण्याचा कर घेतात. आणि सर्वांत शेवटी, तांबड्या शाईने, आम्ही लिहिले: 'हिचे गुडघे.'

हा मुद्दा बिनतोड होता. कुटुंबाचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात, हे सर्वांस ठाऊक. आम्ही ती वही सभेपुढे ठेवली तेव्हा वहिनींनीही सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. परंतु आमची थोरली सून स्पष्टवक्ती आहे. ती म्हणाली, "बाबा, घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, त्या तुम्ही लिहिल्या नाहीत. आणि चित्रं पाहायची म्हणजे तीन-तीन तास दगडी फरशीवर उभं राहायचं. व्हेनिसमध्ये निदान पाण्यातली बस तरी आहे." दोन्ही पारडी समसमान झाली. तेव्हा आम्ही राखून ठेवलेला हुकूम टाकला.

आमच्या कुटुंबाचे माहेर कोल्हापूर, आणि शिक्षण तेथील राजाराम महाविद्यालयात झालेले. ज्या राजाराम महाराजांचे नाव त्या विद्यालयास आहे, ते छत्रपती १८७० साली इंग्लंडचा प्रवास करून स्वदेशी परतत असता वाटेत फ्लॉरेन्स येथे आजारी पडले, आणि ३० नोव्हेंबर रोजी तेथेच वारले. वय अवघे वीस वर्षांचे. त्या काळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. ख्रिस्ती गावात दहनाची चाल नव्हती. परंतु नगराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि कासिने नामक उद्यानाच्या टोकास, आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, महाराजांस अग्नी देण्यात आला. पुढे १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारून तीत त्यांचा अर्धपुतळा बसविला. ती छत्री ज्या चार्ल्स मँटने योजिली, त्यानेच पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा योजिला.

ही हकीकत आम्ही रंगवून सांगितली. सभा स्तब्ध झाली. कुटुंब दारात हात पुसत उभी होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चार वर्षं त्या कॉलेजात गेले, पण हे कुणी सांगितलं नाही. मग फ्लॉरेन्सलाच जाऊ." दादांनी आमच्याकडे पाहून मान डोलावली. एका मुरलेल्या वकिलाची ती शाबासकी पाहून आम्हांस धन्यता वाटली, हे कबूल केले पाहिजे.

यानंतर तीन दिवसांनी आमच्या सदऱ्याची गुंडी तुटली. घरात कोणी नव्हते, म्हणून सुईदोऱ्याचा डबा आम्हीच काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. लग्नापासून तो आमच्या घरात आहे. त्या दिवशी प्रथमच त्याच्या झाकणाकडे आमचे लक्ष गेले. रंग झिजले होते, कड गंजली होती. पण चित्र ओळखू येत होते. हिरवे पाणी, पाण्यातून वर आलेली घरे, एक कमानदार पूल, आणि त्याखालून चाललेली काळी, लांब, टोकाशी वळलेली नाव.

संध्याकाळी आम्ही डबा तिच्यापुढे ठेवून विचारले, "हे व्हेनिस ना गं?"

"हो. मॅट्रिक झाले तेव्हा बाबांनी आणला होता. बिस्किटं भावंडांनी खाल्ली, डबा मी ठेवला."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" ती शांतपणे म्हणाली. "काशी, रामेश्वर, हंपी, सगळीकडे तुम्ही नेलंत, सगळं चांगलंच होतं. माझी तक्रार नाही. पण अहो, गुडघे माझे आहेत. त्यांचं नाव वहीत लिहिण्यापूर्वी त्यांना एकदा विचारायचं होतं."

त्यावर उत्तर देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. गुडघ्यांची काळजी आम्हांस नव्हती असे नाही. परंतु त्या तांबड्या शाईत काळजी किती आणि आमची हौस किती, याचा हिशेब आम्ही केला नव्हता. महाराजांची कथा सांगतानाही तेच झाले. एका तरुण राजाच्या मरणाचा उपयोग आम्ही वाद जिंकण्यासाठी केला, आणि तिने मात्र ती खरोखरीच मनावर घेतली होती.

त्याच रात्री आम्ही मुलास कळविले की व्हेनिस ठरले. कुटुंबाने एकच मागणे घातले: तीन दिवस व्हेनिसमध्ये काढावे, आणि चौथ्या दिवशी फ्लॉरेन्सवरून परत फिरून महाराजांची छत्री पाहावी. मुलाने वेळापत्रक पाहिले आणि चाचरत म्हणाला, "जमेल, दोन-सव्वादोन तासांचाच प्रवास आहे. पण बाबा, तो सोमवार येतो. उफिझी आणि डेव्हिडचं म्युझियम, दोन्ही सोमवारी बंद." आम्ही म्हणालो, "बंद असू दे." हे दोन शब्द उच्चारावयास आम्हांस किती जड गेले, ते दादांसच कळले असेल, कारण ते शेजारीच बसले होते आणि काही बोलले नाहीत.

व्हेनिसचे वर्णन करण्याचा अधिकार आमचा नव्हे, तिचा. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच समोर रस्त्याऐवजी पाणीच दिसले, तेव्हा ती पायरीवर उभी राहिली ती पाच मिनिटे हललीच नाही. गोंडोलाकडे तिने एकदा पाहिले आणि "डब्यावरच्यापेक्षा लांब आहे" एवढेच म्हटले. तिचे लक्ष निराळ्याच गोष्टींकडे होते. पहाटे भाजीची खोकी घेऊन येणाऱ्या होड्या, कचरा नेणारी होडी, रोग्यास नेणारी होडी, आणि सामानाची चाकांची पिशवी एकेका पायरीवर टेकवीत पूल चढणारी एक वृद्ध बाई. "लहानपणी ते चित्र पाहून मला एकच वाटायचं," ती म्हणाली, "यांच्या घरी दळण कोण आणून देतं?" त्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत, २०२२ पासून ती संख्या पन्नास हजारांच्याही खाली आली आहे, असे मुलाने सांगितले. त्यावर ती म्हणाली, "पाहायला येणारे वाढले, राहणारे गेले. वाड्याचंही असंच होतं."

आणि गुडघे? ती प्रत्येक पुलावर कठडा धरून, थांबत थांबत चढली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पूल न चढता पाण्यातल्या बसने जाण्याचा आग्रह ज्याने धरला, ते गुडघे तिचे नव्हते. एवढे सांगून हे प्रकरण आम्ही आटोपते घेतो.

सोमवारी सकाळी फ्लॉरेन्सला उतरलो. घरांच्या छपरांवरून तो तांबूस घुमट दिसला; आम्ही टॅक्सीत बसता बसता त्यास दुरूनच नमस्कार केला. कासिनेचे उद्यान नदीकाठाने सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे, आणि छत्री त्याच्या पश्चिम टोकास आहे. तेथे यात्रेकरू कोणी नव्हते. झाडांची पाने गळत होती, एक-दोघे तरुण धावण्याचा व्यायाम करीत होते. चार खांबांवरच्या छत्रीखाली रंगविलेला अर्धपुतळा: डोक्यास पागोटे, अंगावर अलंकार, आणि चेहरा एखाद्या कॉलेजातल्या मुलाचा. जवळूनच एक मोठा मोटारींचा पूल जातो. त्या पुलास गावकरी 'इंडियानो'चाच पूल म्हणतात. दीडशे वर्षे झाली, तरी नाव टिकले आहे.

कुटुंबाने पर्समधून अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली, क्षणभर हातात धरली, आणि पुन्हा आत ठेवली. मग तिने नुसतेच हात जोडले. "वीस वर्षांचं पोर," ती हळूच म्हणाली, "घरी परत निघालं होतं." बराच वेळ ती दोन्ही पाणी एकत्र मिळतात तिकडे पाहत राहिली. मुलगा तिच्या शेजारी उभा होता. त्याच्याकडे वळून तिने विचारले, "थंडीत तुझी खोली गरम राहते ना रे?"

"राहते आई," तो म्हणाला.

दोन गावांपैकी कोणते चांगले, असे आम्हांस आता पुष्कळजण विचारतात. दादांना तर निकालच हवा आहे. आम्ही फ्लॉरेन्सला जाऊन फ्लॉरेन्स पाहिले नाही, याचे त्यांस अजूनही वाईट वाटते, आणि थोडेसे आम्हांसही वाटते. परंतु घरात पुन्हा कोठे जाण्याचा बेत निघाला, तर वहीत रकाने ओढण्यापूर्वी आम्ही स्वयंपाकघरात जाऊन एक प्रश्न विचारून येतो. वाचकांनी करून पाहावे. उत्तर येण्यास वेळ लागतो. कारण विचारले जाण्याची सवय समोरच्या माणसास नसते.