हॉटेलातली पंगत

लहान मुलांना घेऊन हॉटेलात जेवायला जाणे म्हणजे मोठी परीक्षाच! ऑर्डर दिल्यापासून ताट समोर येईपर्यंतचा वेळ मोठ्यांचा गप्पांत सरतो. पाच वर्षांच्या पोराचा काही केल्या सरत नाही. मग चमचे वाजू लागतात, पाणी सांडते, शेवटी कुणीतरी मोबाईल हातात देते. पोर गप्प होते खरे, पण आपण काय खाल्ले हेही त्याला कळत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त वेळ पडद्यापुढे बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. त्यातून जेवणाची वेळ तरी वगळावी.

आमच्या गोव्यात देवळातल्या पंगतीला मुले रमायची, कारण त्यांना काम असायचे. पाने मांडा, मीठ वाढा, पाणी द्या. हॉटेलात मुलाला कामच नसते.

बुऱ्हाणपूरला मला हे नव्याने पटले. खानदेशाला खेटून असलेले हे तापीकाठचे शहर. सोबत पाच वर्षांची नात. सकाळी आम्ही कुंडी भंडारा पाहिला होता. १६१५च्या सुमाराची, खानखाना अब्दुर्रहीमच्या काळातली मोगलांची ही भूमिगत पाणीयोजना. सातपुड्यातून झिरपणारे पाणी ओळीने खोदलेल्या कुंड्यांना जोडणाऱ्या बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे येई. दुपारी जेवण यायला उशीर होता. मी बडीशेपेची वाटी पुढे सरकवली. "बाय, पाणी कसे आले ते दाखव बघू." वाटी झाली डोंगर, पेला झाला शहर, आणि मधे एकेक दाणा म्हणजे एकेक कुंडी. जेवण आले तरी तिचे शहर तहानलेलेच होते!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम भट्टी दिसेल असे टेबल धरले. बुऱ्हाणपूरचे मांडे प्रसिद्ध. मैद्याचा गोळा हातांवर झुलवत झुलवत भलामोठा होतो आणि उपड्या कढईवर पडतो. नात डोळे विस्फारून पाहत राहिली. तिला ठाऊक होते ते बेळगावचे मांडे, त्यामुळे पहिला प्रश्न, "यात साखर कुठे आहे?" साखर नंतर भेटली, इथल्या काळपट मावा जिलबीत.

खेळणी न्यायची गरज नाही. खिडकीजवळची जागा, एखादे हळू आवाजातले हुमाण, सर्वांची पाणी वाढण्याची जबाबदारी, एवढे पुरते. मात्र आपलाही मोबाईल खिशातच हवा. पंगत एकट्या मुलाची नसते.