मुका झालेला ध्वनिवर्धक

अज्ञानामुळे चुका होतात हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु अर्धवट ज्ञानाच्या भरवशावर केलेली चूक अधिक दिवस टिकते, कारण ती करणाऱ्यास आपण चुकलो आहो अशी शंकाही येत नाही. गेल्या वर्षी माझ्या मोटारीतील एका यंत्राने हा धडा मला दिला. त्यापायी एका विद्यार्थ्यास विनाकारण मनस्ताप सोसावा लागला, म्हणून ती हकिकत येथे सांगणे मी आपले कर्तव्य समजतो.

ऑर्गनचे संगीत ऐकण्याची मला बाळपणापासून आवड आहे. त्या वाद्याचा गंभीर खर्ज मोटारीतील साध्या रेडिओवर नीट उमटत नाही; म्हणून एक ॲम्प्लिफायर, म्हणजे ध्वनिवर्धक, आणि दोन मोठे स्पीकर आणून ते माझ्या जुन्या मोटारीच्या डिकीत बसविण्याचे मी ठरविले. मी पदार्थविज्ञान शिकवितो, तेव्हा मिस्त्री कशास हवा, असा थोडा अभिमानही त्यात होता. इयत्ता नववीतील एक विद्यार्थी आपण होऊन मदतीस आला. त्याचे वडील शेतीच्या पंपांची वायंडिंग करण्याचे लहानसे दुकान चालवितात. स्पीकरच्या तारा ओढण्याचे काम त्याने केले. बॅटरीपासून येणारी जाड तार आणि मोटारीच्या पत्र्यास जोडावयाची अर्थची तार, ही दोन कामे मी स्वतःकडे ठेविली.

पहिल्याच दिवशी विघ्न उपस्थित झाले. संगीत मंद असेतोवर सर्व सुरळीत चाले. परंतु ऑर्गनचा दीर्घ खर्ज सुरू झाला की काही क्षणांत ध्वनिवर्धकावरील हिरवा दिवा जाऊन तांबडा लागे व सर्वत्र शांतता पसरे. थोड्या वेळाने यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई आणि पुढचा खर्ज येताच पुन्हा मुके होई. ज्या दुकानातून ते आणले तेथील गृहस्थांनी यंत्रच बदलण्याचा सल्ला दिला.

सोबतच्या पुस्तिकेत तांबड्या दिव्याचा अर्थ दिला होता. तो बिघाडाचा दिवा नसून संरक्षणाचा होता. यंत्र फार तापले, स्पीकरची तार पत्र्यास टेकली, स्पीकरांचा रोध प्रमाणाहून कमी पडला, किंवा बॅटरीकडून येणारा विद्युद्दाब फार उतरला, तर आतील नाजूक भाग जळू नयेत म्हणून यंत्र स्वतःच काम थांबविते. हे वाचून मी एक परीक्षा केली. स्पीकरच्या तारा सोडविल्या व तेच संगीत लाविले. अर्धा तास हिरवा दिवा ढळला नाही. झाले! स्पीकर काढताच दोष नाहीसा होतो, त्याअर्थी दोष स्पीकरच्या तारांतच असला पाहिजे, असे अनुमान मी काढून बसलो. आणि त्या तारा तर त्या मुलाने जोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, सर्व वर्गासमक्ष, मी त्यास म्हणालो, “हातास वळण नसले म्हणजे काम असे होते. उघडी तार तू पत्र्यास टेकवून ठेविली आहेस.”

तो उभा राहिला व हळूच म्हणाला, “सर, स्पीकर काढले की ॲम्प्लिफायर करंटच ओढत नाही ना? मग दोष दुसरीकडे असला तरी तो कसा दिसेल?”

प्रश्न अगदी बिनतोड होता. परंतु मला तो प्रश्न न वाटता उद्धटपणा वाटला. “खाली बैस,” एवढेच मी म्हणालो. तो बसला. त्या दिवसापासून माझ्या तासास त्याचा हात वर झाला नाही.

पुढील दोन शनिवार खर्चून मी स्पीकरच्या सर्व तारा नव्याने ओढल्या. मोटार सुरू केली, खर्ज आला, आणि तांबडा दिवा पूर्वीप्रमाणेच लागला. त्या शांततेत मला त्या मुलाचा प्रश्न आठवला, आणि खरे सांगावयाचे तर अंगास घाम फुटला.

मग मी शाळेतील मल्टिमीटर घेऊन, वर्गात शिकवितो त्या क्रमाने कामास लागलो. यंत्रावर हात ठेविला. ते कोमट होते, परंतु हात सुखाने ठेवता येत होता. अर्थात उष्णतेचे कारण गेले. प्रत्येक स्पीकरचा रोध मोजला, तो ३.६ ओहम भरला. चार ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर मल्टिमीटरवर चाराहून थोडा कमीच दाखवितो, म्हणून तेही ठीक होते. डिकीत मुलाने ओढलेली जुनी तार गुंडाळून ठेविली होती. ती टोकापासून टोकापर्यंत तपासली. तिच्यावर एक ओरखडादेखील नव्हता.

राहिला विद्युद्दाब. इंजिन चालू ठेवून ऑर्गनचा तोच दीर्घ खर्ज लाविला. बॅटरीच्या दोन टोकांवर १३.९ व्होल्ट होते. ध्वनिवर्धकाच्या टोकांवर मात्र आकडा उतरत ९.८ वर आला आणि तांबडा दिवा लागला. चार व्होल्टांहून अधिक दाब वाटेत कोठेतरी नाहीसा होत होता. बॅटरीपासून येणाऱ्या जाड तारेवर मोजले. तेथे अर्धा व्होल्टच जात होता. मग अर्थच्या बाजूने मोजले, आणि तेथे ३.६ व्होल्ट आढळले! अर्थच्या बोल्टास बोट लाविले तर चटका बसला.

पाना लावून बोल्ट सोडविला. त्याखाली मोटारीचा रंग जसाच्या तसा चकाकत होता. रंग विजेस वाट देत नाही. बोल्टाच्या आट्यांनी जी काय थोडी धातू गाठली होती, तेवढ्यावरच सारा भार पडला होता. हे काम माझे होते. त्या पत्र्यास दुसऱ्या कोणाचा हातही लागला नव्हता.

जर्मनीतील कोलोन शहरी एका विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या जॉर्ज सायमन ओहम या शिक्षकाने विजेच्या प्रवाहावर प्रयोग केले, आणि त्यांचे फळ १८२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याचा नियम आपण सर्व पाठ म्हणतो: प्रवाहास रोधाने गुणिले म्हणजे दाब मिळतो. सांध्याचा रोध एक दशांश ओहम असला तरी मंद संगीतास लागणाऱ्या दोनतीन अँपियरांवर सुमारे पाव व्होल्टच जातो व कोणास काही कळत नाही. परंतु खर्जास ३६ अँपियर लागले की त्याच सांध्यात ३.६ व्होल्ट बुडतात. स्पीकर काढल्यावर प्रवाह जवळजवळ थांबला, म्हणून दोषही लपला. त्या मुलाने हेच विचारले होते. हा नियम मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. तो वापरला त्याने.

बॅटरीची ऋण बाजू सोडवून मी पॉलिश पेपराने रंग घासून काढिला, स्वच्छ धातूवर तार घट्ट बसविली व पुन्हा मोजले. ३.६ च्या जागी ०.१ व्होल्ट! ऑर्गनचा खर्ज प्रथमच अखेरपर्यंत ऐकू आला. परंतु तो ऐकण्यात मला गोडी वाटली नाही.

दोष वर्गासमक्ष दिला होता, तेव्हा तो वर्गासमक्षच परत घेणे प्राप्त होते. सोमवारी फळ्यावर सर्व आकडे मांडून मी सांगितले की, तारा निर्दोष होत्या, दोष माझ्या हातचा होता, आणि त्याहून मोठा दोष म्हणजे योग्य प्रश्न विचारणाऱ्यास मी गप्प बसविले. मी त्याची क्षमा मागितली. वर्ग स्तब्ध होता. तो मुलगा बराच वेळ खाली पाहत राहिला; मग त्याने हात वर केला.

“सर, बोल्टाखाली दातेरी वायसर घातलात का? नाही तर गाडीच्या हादऱ्याने सांधा पुन्हा सैल होईल.”

मी तो घातला नव्हता. सायंकाळी आम्ही दोघांनी मिळून घातला.

पालकांस व माझ्या व्यवसायबंधूंस एवढेच सांगावेसे वाटते की, घरातील किंवा वर्गातील एखादे बोलके मूल एकाएकी गप्प झाले, तर ते बिघडले असे लागलीच समजू नये. तोही बहुधा संरक्षणाचाच दिवा असतो. आणि दाब कोठे नाहीसा होतो हे शोधावयास निघताना प्रथम आपल्या हातचा सांधा तपासावा.