शिरूर ते दौंड: सरळ रेषेत

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. शिरूर

दिवाळीची सुट्टी संपत आली. नातीला शनिवारी दौंडला पोचवायचं आहे. सकाळी ती नकाशा पसरून बसली होती. म्हणाली, "आजोबा, इथून दौंडला विमान असतं तर किती वेळात पोचलो असतो?"

मास्तरकीची खोड जात नाही. कागद घेतला. शिरूर १८.८३ उत्तर, ७४.३७ पूर्व, दौंड १८.४६ आणि ७४.५८. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, रेखांशाचा आपल्याकडे १०५. म्हणजे दक्षिणेला ४१, पूर्वेला २२. पुढे पायथागोरस. उत्तर साडेसेहेचाळीस किलोमीटर. ताशी ५०० च्या वेगाने सहा मिनिटंसुद्धा नाहीत. रस्त्याने मात्र साठेक किलोमीटर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आता तिला प्रशांत महासागराचा नाद लागलाय. सामोआतल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला विमानाने जायचं तर अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पाऊण तासाच्या आतलं. पण मध्ये वाररेषा आहे. शनिवारी निघालेला माणूस शुक्रवारी उतरतो!

सामोआ आधी रेषेच्या पूर्वेला होता. व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, आणि वार मात्र एक दिवस मागे. म्हणून २०११ मध्ये त्यांनी बाजू बदलली आणि ३० डिसेंबर हा दिवसच वगळला. २९ नंतर थेट ३१. नातीने विचारलं, "मग त्या दिवशीचं रोजनिशीचं पान?" कोरंच राहिलं असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार. दौंड

मुलाने साडेनऊला गाडी काढली. न्हावऱ्यापर्यंत ठीक. पुढे उसाच्या ट्रॉल्या. एकीला ओव्हरटेक करावं तर समोर दुसरी. इनामगाव मागे टाकून घोड ओलांडली आणि नगर जिल्हा लागला (आता अहिल्यानगर म्हणायचं). काष्टीत शनिवारचा जनावरांचा बाजार. बैल, म्हशी, टेम्पो, दलाल. गाडी जागची हलेना. नात वैतागली नाही, खिडकीतून म्हशी मोजत बसली.

काष्टी सुटली, भीमेचा पूल आला आणि आम्ही पुन्हा पुणे जिल्ह्यात! "आजोबा, आपली पण रेषा ओलांडून झाली की. दोनदा!" खरंच की. फक्त वार तोच राहिला.

९ नोव्हेंबर, रविवार. दौंड

जावई रेल्वेत. त्यांना अंतर विचारलं की ते वेळ सांगतात, तीही गाडीच्या नावासकट. शिरूरला रेल्वेच नाही, म्हणून आम्ही किलोमीटर सांगतो.

नातीने माझ्या कागदावर कालचा हिशेब लिहून ठेवला आहे: सरळ अंतर साडेसेहेचाळीस किलोमीटर, लागलेला वेळ दोन तास पाच मिनिटं, त्यातली पस्तीस मिनिटं काष्टीत. म्हशी ११२.