फीडमध्ये नसलेला रकाना

अफिलिएट फीडवर चालणाऱ्या दुकानाला गोदाम लागत नाही, माल भरावा लागत नाही, पार्सल बांधावं लागत नाही. विक्रेत्याची किंवा नेटवर्कची फाइल उतरवून घ्यायची. तीत प्रत्येक वस्तूची एक ओळ असते, नाव, ब्रँड, किंमत, फोटो, माल शिल्लक आहे की नाही आणि आपली खूण घातलेली लिंक. गिऱ्हाईक त्या लिंकवरून जातं, पैसे आणि माल परस्पर त्यांच्यात, कमिशन आपल्याला. वाळूजच्या बजाजनगरात राहून मी हत्यारांचं आणि सेफ्टीच्या सामानाचं असं दुकान चालवतो आणि अनुभवाअंती माझं ठाम मत झालं आहे, की ती फाइल जशीच्या तशी मांडली तर त्याला दुकान म्हणता येत नाही. हीच फाइल इतर कितीतरी जणांनी उतरवून घेतलेली असते. विक्रेत्याचाच मजकूर पुन्हा छापणारी अफिलिएट पानं गूगल स्पॅममध्ये धरतं, आणि मला त्यात काही अन्याय वाटत नाही.

दुकान उभं राहतं ते फीडमध्ये नसलेल्या माहितीवर. वाळूजला १९८५मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, भोवती सुटे भाग करणाऱ्या शेड वाढल्या आणि बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी या आसपासच्या भागांत कामगारांची वस्ती दाटली. इथला टर्नर किंवा नवा ट्रेनी डिजिटल व्हर्नियर शोधतो तेव्हा १५० मिमीच्या व्हर्नियरच्या ओळीत त्याला ०.०१ मिमी हा आकडा ठळक दिसतो. हे झालं रिझोल्यूशन, म्हणजे डिस्प्लेवर दिसू शकणारा सर्वांत लहान फरक. अचूकता वेगळी. चांगल्या कंपनीच्या व्हर्नियरचीही ती साधारण ±०.०२ मिमी असते, आणि बहुतेक फीडमध्ये तिला रकानाच नसतो. जॉबचा टॉलरन्सच तेवढा असेल तर व्हर्नियरच्या मापावर जॉब पास करणं धोक्याचं, तिथे मायक्रोमीटरच हवा. सेफ्टी शूजचंही तसंच. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या भाग २मधल्या बुटाची टो कॅप २०० जूलचा आघात सोसते, भाग ३मधल्या बुटाची १०० जूलचा. फीडमध्ये दोन्ही ‘सेफ्टी शूज’ म्हणूनच येतात, फोटोही जवळपास सारखेच. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याच्या पायाच्या बोटांचा प्रश्न त्या एका आकड्यावर अवलंबून असतो, म्हणून तो मी नावाच्या शेजारीच मराठीत लिहितो.

यावर लोक म्हणतात, ही शेवटी दलालीच. गिऱ्हाइकानं थेट अ‍ॅमेझॉनवर का जाऊ नये? खुशाल जावं. काय घ्यायचं ते ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याला माझी गरज नाही. पण शेकडो वस्तूंतून आपल्या मशीनवर, आपल्या कामाला कोणती चालेल हे मराठीत सांगणारं कुणी असलं तर त्या सांगण्याचे पैसे घेण्यात गैर काय? वर्णनं आता सॉफ्टवेअर लिहून देतं, मग हजारो वस्तू का ठेवू नयेत, असंही विचारतात. ओळीत जी माहिती मुळातच नाही ती सॉफ्टवेअर आणणार कुठून? एक तर तेच शब्द फिरवून लिहील, नाहीतर अंदाज ठोकून देईल, आणि बुटाच्या बाबतीत अंदाज मला मान्य नाही. म्हणून माझ्याकडे वस्तू थोड्याच आहेत. फीडमधली किंमत शिळी होते, तीही इतक्याच वस्तूंवर नजर ठेवून दुरुस्त करता येते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप कमिशनचा. ज्यावर जास्त मिळतं तेच तू चांगलं म्हणणार, हा संशय रास्तच आहे, कारण वस्तूच्या प्रकारानुसार आणि विक्रेत्यानुसार दर बदलतात आणि मोह रोजचा असतो. २०२२च्या केंद्र सरकारच्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्यानं आपलं आर्थिक नातं उघड करायचं असतं. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कमिशन मिळू शकतं’ एवढं लिहून संशय फिटत नाही. मी ते लिंकच्या वरच, त्याच आकाराच्या अक्षरात लिहितो. ज्या बुटावर आयएस क्रमांक आणि भाग स्पष्ट छापलेला नाही, तो कितीही कमिशन देत असला तरी माझ्या यादीत येत नाही. कुठल्या कामाला स्वस्तातला व्हर्नियर पुरेसा आहे हेही त्याच पानावर असतं, मग महागड्याचं कमिशन गेलं तरी चालेल.