भिंती बोलतात, थांबलं तर!

बालदोस्तांनो, व्हिडिओ गेम म्हटलं की आईबाबांच्या कपाळाला आठी पडते. मी शाळेतली बाई, तरी आज एका गेमची बाजू घेणार आहे!

गेमचं नाव ‘राजी’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स कंपनीने तो २०२० साली आणला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. राक्षसांनी तिच्या धाकट्या भावाला, गोलूला पळवून नेलंय आणि ती त्याला शोधायला निघालीय. माझ्या भाच्याने गेम खेळून दाखवला, तेव्हा राक्षस राहिले बाजूला, मी ते नगरच बघत बसले. राजस्थानी धाटणीचे महाल, कमानी आणि भिंतींवर पहाडी लघुचित्रांच्या वळणाची चित्रं. राजी चित्रापाशी थांबली की दुर्गा आणि विष्णू त्यामागची गोष्ट सांगतात. न थांबता पळालं, तर ती गोष्ट हुकलीच!

वर्गात विचारलं, “असं नगर आपल्या वसईत आहे का रे?”

“बाई, किल्ला आहे. पण तिथे नुसत्या पडक्या भिंती!”

मग एका शनिवारी आम्ही किल्ल्यात गेलो. नियम एकच, पळायचं नाही. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा मान वर करून पाहिला. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतले कोरीव थडग्यांचे दगड पाहिले. नागेश्वराच्या देवळात टेकलो. पोर्तुगीज इथे दोनशे वर्षं होते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा नेल्या, त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे, हे मी सांगितलं. मुलं एकदम गप्प. मग एकीने विचारलं, “बाई, ती घंटा वाजली की पापडीपर्यंत ऐकू जायची का हो?”

बघा, पडक्या भिंतींत नगर उभं राहिलं की नाही!

पण पुढच्याच भिंतीवर कुणीतरी खिळ्याने नावं कोरलेली होती. एक मुलगा चिडून म्हणाला, “गेममध्ये हरलो तर परत सुरू करता येतं. ही भिंत कशी परत येणार?”

त्याचं उत्तर मोठ्यांनीही द्यायला हवं. तेव्हा पालकांनो, मुलांचा गेम एकदा शेजारी बसून बघा. आणि दोस्तांनो, सुट्टीत आईबाबांना किल्ल्यात न्या. गोष्ट सांगायचं काम मात्र तुमचं!