सिकलसेल, नोकरी आणि भीमगीत

"नोकरी लागली ना? मग ती सांभाळा, तब्येत सांभाळा, आणि हे गाण्याबिण्याचे नाद सोडा."

आम्हा दोघी बहिणींना हा सल्ला गेली दहा-बारा वर्षे मिळतो आहे. देणारे काही आमचे शत्रू नाहीत. मोठे बाबा आहेत, आत्या आहेत, दवाखान्यातले डॉक्टर आहेत, वस्तीतले जुने कार्यकर्ते आहेत. म्हणूनच उत्तर देणे गरजेचे वाटते. शत्रूच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करता येते, आपल्या माणसाच्या बोलण्याने मात्र माणूस हळूहळू गप्प होतो.

आम्ही दोघी 'एसएस' आहोत. विदर्भात याचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागत नाही, पण पुणे-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-वडील दोघेही 'एएस', म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक. आमच्या घरी ती दोन्ही वेळा खरी ठरली. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, आमची दहा-वीस दिवसांत मोडते. शरीरातले पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला, दगदग झाली, की या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग जी कळ येते तिला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. आई 'हाडं फुटतात' म्हणते. आईचा शब्द जास्त बरोबर आहे.

विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहे, आपल्या बौद्ध समाजात आहे, कुणबी-तेली समाजातही आहे. पिढ्यान्पिढ्या मलेरियाच्या प्रदेशात राहिलेल्या माणसांत तो जगभर सापडतो, कारण एकच 'एस' असलेल्याला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. मागच्या जन्मीच्या पापाशी त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही आम्ही 'कुणाचं काय भोगताय गं पोरींनो' हे वाक्य ऐकले आहे.

थोरली एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. धाकटी एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची विवरणपत्रे भरते. थोरली गाणी लिहिते, धाकटी चाली बांधते आणि गाते. आता आमचे वर्ष कसे जाते ते पाहा. 31 मार्चला थोरलीच्या कार्यालयात आर्थिक वर्षअखेर. महिन्याची 11 आणि 20 तारीख धाकटीच्या विवरणपत्रांची. या दोन तारखांच्या मध्ये 14 एप्रिल, आणि नागपूरचा पारा चाळिशीच्या वर. ऑक्टोबरात दीक्षाभूमीची गर्दी. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, म्हणजे थंडीतला रात्रीचा रेल्वेप्रवास. चळवळीचे कॅलेंडर आणि आमच्या आजाराचे कॅलेंडर एकमेकांच्या अंगावरच छापले आहे.

त्यात खरी अडचण कोणती? उन्हाची नाही, थंडीचीही नाही. पाण्याची. सिकलसेलच्या माणसाने दिवसभर भरपूर पाणी प्यायचे असते, ते आमचे निम्मे औषध आहे. आणि भीमगीतांच्या कार्यक्रमाला जाणारी बाई पाणी पीत नाही, कारण पटांगणावर संडास नसतो. स्टेज असते, एलईडी असते, पाहुण्यांच्या खुर्चीला पांढरे कापड असते. गायिकेने लघवीला कुठे जायचे हे कोणालाच माहीत नसते. मग ती दुपारपासून घोटघोट पिते. निरोगी बाईचे यात डोके दुखते, धाकटी यात दोनदा भरती झाली. दुसऱ्या वेळी छातीत गेले, ऑक्सिजन लावावा लागला. त्यानंतर तिची पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आली. वरचा सूर लागतो, टिकत नाही. सगळे म्हणाले, बघा, गाण्याने पोरगी आजारी पडली. आम्ही म्हणतो, गाण्याने नाही पडली, संडास नसल्याने पडली. कारण चुकीचे धरले की उपायही चुकीचाच निघतो. गाणे बंद करा म्हणणारे शंभर भेटले, पटांगणावर संडास बसवतो म्हणणारा एकही भेटला नाही.

दुसरा युक्तिवाद असतो शक्तीचा. अंगात शक्ती थोडी, ती नोकरीत खर्च करा, बाकीची साठवा. हिशेब वरवर बरोबर दिसतो. नोकरीचे महत्त्व आम्हाला कमी वाटते असे नाही. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, तपासण्या, अचानक लागणारी रक्ताची पिशवी, हे सगळे पगारावर चालते. नोकरी सोडून कलेला वाहून घ्या, हा उपदेश ज्यांच्या मागे घरचे शेत आणि बापाचा फ्लॅट आहे त्यांनी एकमेकांना करावा. पण नोकरीला ठरलेल्या वेळी ठरलेले शरीर लागते. सकाळी पावणेदहाला, पायऱ्या चढून, हसतमुख. गाण्याच्या ओळीला ते लागत नाही. कळ ओसरल्यानंतरचे चार-पाच दिवस, ज्या दिवसांत उठवत नाही पण डोके साफ असते, त्या दिवसांत थोरलीने अंथरुणावर पडून सर्वांत जास्त लिहिले आहे. मुखडा सुचतो, मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवते, धाकटी रात्री हार्मोनियम पोटाशी घेऊन बसते. ढोलकीवाला दादा रविवारी येतो. त्यात शक्ती जाते हे खरे. पण हे सोडले तर उरते काय? ऑफिस, दवाखाना, ऑफिस. मग आम्ही फक्त रुग्ण उरतो आणि सवलतीवर लागलेली लिपिक उरते.

सवलतीचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट करू. थोरलीने रजा टाकली की टेबलाटेबलावर कुजबुज होते, 'यांना डबल सवलत'. वस्तुस्थिती अशी की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले. त्यात रक्ताचे तीन आजार आहेत : थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांत त्यांचा विचार होतो. पण सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाची यादी कलम 34 मध्ये आहे, आणि त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकताना तुम्ही दिव्यांग, पोट भरताना धडधाकट! थोरली अनुसूचित जातीच्या जागेवर परीक्षा देऊन लागली. दुसरी सवलत अस्तित्वातच नाही. याच कायद्याने सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी देण्याची जबाबदारी टाकली आहे. टेबल तळमजल्यावर द्या, एवढ्या एका सोयीसाठी थोरलीने तीन अर्ज केले. तिसऱ्याचे उत्तर अजून यायचे आहे. प्रमाणपत्राची कथा तर वेगळीच. चाळीस टक्क्यांची अट. कळ येते आणि जाते, आणि मंडळासमोर ज्या दिवशी बोलावतात त्या दिवशी आम्ही चालत गेलेलो असतो. चालत आलात, मग दिव्यांग कसल्या?

आता त्या लाडक्या उदाहरणाकडे येऊ. 'बाबासाहेबांनी आजारपणातही लिहिले, तुम्हाला काय झाले?' बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' निघाला. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव देता येत नव्हते, तिथे पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. आमच्यासारख्या नोकरी करून लिहिणाऱ्यांना यातून फार बळ मिळते. पुढे मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने ग्रासलेले असताना त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पूर्ण केला. तो ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. छापील प्रत त्यांच्या हातात पडली नाही. ते 65 व्या वर्षी गेले. हे वाचून आपल्याला प्रश्न पडायला हवा की समाजाने त्या शरीराची किती काळजी घेतली? त्याऐवजी आपण त्यांच्या आजारपणाचा चाबूक करून दुसऱ्या आजारी माणसांच्या पाठीवर ओढतो. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवत होते, 1972 साली 'गोलपिठा' आला, पुढे मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायूंच्या आजारासोबत ते कितीतरी वर्षे लिहीत राहिले. त्यांच्या कवितेवर रात्रभर चर्चा करणारे आपण, त्या आजाराचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

ढसाळांचे नाव आले की पँथर आलीच. दलित पँथर 1972 ची, आणि नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्या ब्लॅक पँथरने 1971 पासून जो एक कार्यक्रम धडाक्याने चालवला तो सिकलसेलचा होता. मोफत दवाखाने, वस्तीवस्तीत रक्ततपासणी, सरकारने काळ्या माणसाच्या आजाराकडे दुर्लक्ष केल्याचा जाहीर आरोप. 1972 मध्येच तिथे सिकलसेलसाठी स्वतंत्र कायदा झाला. आपण त्यांच्याकडून नाव घेतले, त्वेष घेतला, कविता त्याहून जोरदार लिहिली. रक्ततपासणी मात्र तिकडेच राहिली. विळ्यासारखी पेशी तर आपल्याही रक्तात होती. आज केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान आहे. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून ते सुरू झाले, लक्ष्य 2047 चे. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे, तो योग्यच आहे. पण बौद्ध वस्त्यांतली तपासणी आपल्या विहारातून करायला आपल्याला कोणी अडवले आहे? (लग्न जुळवताना पत्रिका न पाहणारा आपला समाज. एवढी एक रक्ताची पत्रिका मात्र जरूर पाहावी.)

काळ्या अमेरिकेतलेच एक नाव आम्हा दोघींना जवळचे आहे : ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस. त्यांना सिकलसेल होता, खुब्याचा सांधा त्यात गेला, शस्त्रक्रिया झाल्या. 1975 नंतर पाच-सहा वर्षे ते वाजवतच नव्हते, त्याला इतर कारणेही होती. 1981 मध्ये परत आले. धाकटी त्यांचे रेकॉर्डिंग ऐकते ते श्वासासाठी. कमी फुंकरीत सूर कसा धरायचा, दोन सुरांमध्ये किती गप्प राहायचे, हे ती तिथून शिकली. काळी चारवर आल्यानंतरच्या तिच्या चाली पूर्वीपेक्षा संथ आहेत. मिरवणुकीत त्या चालत नाहीत, विहारात चालतात. काही मंडळांनी 'ताई, डीजेवर वाजेल असं द्या' म्हणून त्या परत केल्या. तो त्यांचा अधिकार आहे.

आता मंडळांना आम्ही कार्यक्रमाआधीच एक पत्र पाठवतो. कार्यक्रम संध्याकाळी सातला सुरू होऊन नऊला संपेल. स्टेजजवळ प्यायचे पाणी आणि चालू स्थितीतला, कडी लागणारा संडास असेल. मानधन ठरलेले असेल, शाल-नारळ नको. ढोलकीवाल्या दादाचे पैसे त्याच रात्री दिले जातील. त्या दिवशी कळ आली तर धाकटी येणार नाही आणि त्याचा राग धरला जाणार नाही. 'चळवळीत अटी घालता?' असे एका ज्येष्ठांनी विचारले. होय, घालतो. समतेची गाणी म्हणणारी बाई लघवी दाबून का बसते, हाही समतेचाच प्रश्न आहे.

गेल्या जयंतीला सात मंडळांना पत्र दिले. तिघांनी मान्य केले, त्यातल्या एकाने भाड्याने फिरते शौचालय आणले. पहिल्या तासात तिथे बायकांची रांग लागली होती, आणि त्यातल्या एकीलाही सिकलसेल नव्हता. तिघांनी उत्तरच दिले नाही. सातव्याने विचारले, 'दोन तासांचाच तर कार्यक्रम आहे, संडास कशाला?' त्यांना यंदाही तेच पत्र पाठवले आहे.